आधी चाकं, मग कारण

फौजेतून निवृत्त झाल्यावर माझं पहिलं पोस्टिंग बायकोने काढलं. ठिकाण टूनगॅबी, सिडनी. मंजुषा नर्स आहे. व्हिसा तिला मिळाला, तिच्या मागोमाग मी आणि आमची मुलगी आर्या आलो. मी सिग्नल्समधला नायक. सगळी नोकरी वायरलेस सेट सांभाळण्यात गेली, त्यातली बरीचशी बर्फातल्या चौक्यांवर. टूनगॅबीत पहिले काही महिने मी सांभाळला तो घरातला डिशवॉशर.

हे लिहिताना जरा बिचकायला होतं. मी सध्या युनिमध्ये पहिल्या वर्षाला आहे. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. वडील सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची पोती उचलायचे. वर्गातली मुलं माझ्या निम्म्या वयाची आहेत. मागच्या सेमिस्टरला ट्युटोरियलमध्ये आमच्या मॅडमनी विचारलं, तुम्ही पाहिलेला सगळ्यात चांगला लीडर कोण? मुलं पटापट बोलली. माझ्याकडे उत्तर होतं, पण इंग्रजीत वाक्य जुळेपर्यंत तास संपला. ते उत्तर इथे मराठीत लिहितो. लिहिताना चुकलं तर सांभाळून घ्यावं.

मला आगीच्या कामाला लावलं गुरप्रीतने. तो आमच्याच रस्त्यावर राहतो, ट्रक चालवतो. एका रविवारी हॅरिस पार्कच्या मिठाईच्या दुकानाबाहेर आम्ही जिलेबी खात उभे होतो. तो म्हणाला, "भाईसाब, फौजी आदमी घर पे बैठ के क्या करता है?"

"बर्तन," मी म्हणालो.

"चल मेरे साथ."

इथे जंगलाला लागून असलेल्या वस्त्यांमध्ये वणवा विझवणारी माणसं बहुतेक बिनपगारी असतात. कोणी प्लंबर, कोणी शिक्षक. पेजर वाजला की हातातलं काम टाकून निघतात. आमचं स्टेशन डोंगराच्या पायथ्याशी होतं. पत्र्याची शेड, पाण्याचे दोन टँकर, एक किटली. मंगळवारी संध्याकाळी ट्रेनिंग, रविवारी सकाळी साफसफाई. होज म्हणजे पाण्याचे पाइप पसरा, होज गुंडाळा, पंप चालू करा, रेडिओ चेक. हे सगळं मला घरच्यासारखं वाटलं. आर्याने शाळेत सांगून टाकलं, "माय डॅड इज अ फायरी." मंजुषाने एवढंच म्हटलं, "बूट बाहेर काढायचे."

आमच्या टँकरवर चार जण. डेव्ह प्लंबर, तो टँकर चालवायचा आणि पंप बघायचा. मागे गुरप्रीत आणि मी. क्रू लीडर केरी. पन्नाशी ओलांडलेली, बुटकी, आठवडाभर शाळेची बस चालवायची. तिचा आवाज चढलेला मी कधी ऐकला नाही. बसमध्ये चाळीस पोरं सांभाळणाऱ्या बाईला आवाज चढवायची गरज पडत नसावी.

डेव्ह मला पहिल्या दिवसापासून 'सार्ज' म्हणायला लागला. मी त्याला समजावलं की सार्जंट म्हणजे आमचा हवालदार, मी नायक होतो. तो म्हणाला, "नो वरीज, सार्ज." फौजेने जे प्रमोशन दिलं नाही, ते डेव्हने होज धुता धुता दिलं.

केरीची एक पद्धत होती. टँकर निघायच्या आधी ती मागे वळून विचारायची, "गुड टू गो?" हे सगळीकडेच विचारतात. केरी मात्र एकेकाला नाव घेऊन विचारायची, आणि सुरुवात सगळ्यात नव्या माणसापासून करायची. आधी मी, मग गुरप्रीत, मग डेव्ह, शेवटी ती स्वतः. एकानेही 'नो' म्हटलं तर टँकर पुढे जायचा नाही. आणि 'नो' म्हणणाऱ्याला तिथल्या तिथे कारण द्यावं लागायचं नाही. "आधी चाकं, मग कारण," असं ती म्हणायची. म्हणजे आधी गाडी वळवायची, आणि मग विचारायचं की बाबा, तुला काय दिसलं?

ती हे फक्त आगीवर विचारत नसे. रविवारी टँकर धुवायच्या आधी, शेड बंद करताना, खायला मीट-पाय, म्हणजे खिमा भरलेले पॅटिस, आणायला दुकानात निघतानासुद्धा. मला हा पोरखेळ वाटायचा. एकदा टँकर धुवायच्या वेळी डेव्ह गंमत म्हणून "नो" म्हणाला. केरीने हातातली बादली खाली ठेवली, किटली लावली आणि खुर्चीत बसली. आम्हीही बसलो. कोणी काही विचारेना. शेवटी डेव्हला ती शांतता सोसेना. तो उठला आणि अख्खा टँकर त्याने एकट्याने धुतला. गुरप्रीतने त्याला बिस्किटं नेऊन दिली.

माझी चूक वेगळी होती. पहिल्या दिवशी केरीने माझ्याकडे बघून नुसतं "गुड" एवढंच म्हटलं, तोच मी "यस, मॅम!" म्हणून मोकळा. डेव्ह स्टिअरिंगवर डोकं ठेवून हसायला लागला.

केरी हसली नाही. "सॅन," ती म्हणाली (संतोषचं तिथे सॅन झालं होतं), "मी काय विचारणार होते?"

"माहीत नाही, मॅम."

"मग यस कशाला?"

फौजेत वरून आवाज आला की तोंडातून यस निघतं. त्याचा विचाराशी संबंध नसतो, आणि गोळीबार चालू असताना तो नसलेलाच बरा.

"ऑर्डर असेल तेव्हा ऑर्डर आहे असं सांगेन," केरी म्हणाली. "हा प्रश्न आहे. तुझ्या डोक्यात काय आहे ते मला हवंय, टाचा जुळवलेले बूट नकोत. आधी बघ, ऐक, मग बोल."

मला ते जमायला बरेच आठवडे लागले. यस जिभेवर यायचं, मी ते गिळायचो, आजूबाजूला बघायचो, मग "गुड" म्हणायचो. डेव्ह म्हणायचा, "सार्ज लोड होतोय, थांबा."

ऐकण्याचं म्हणाल तर ते मला येत होतं. ते जाधव उस्तादांनी शिकवलं होतं. हवालदार जाधव, कराडकडचे. चौकीवर माझे पहिले सीनिअर. सेटवर दुसऱ्या चौकीचा माणूस बोलायला लागला की ते डोळे मिटायचे. म्हणायचे, "शब्द कुणीपण लिहून घेतो रे. आवाजाच्या मागं काय चाललंय ते ऐक. वारं कसलं आहे, माणूस बसलाय का उभा आहे, दम लागलाय का." त्यांना समोरच्या चौकीवरचं वादळ तिथला ऑपरेटर सांगायच्या आधी कळायचं. आम्ही चेष्टा करायचो की उस्ताद हँडसेट कानाला लावून पलीकडे भात शिजला की कच्चा राहिला तेही सांगतील. ते म्हणायचे, "कच्चाय. शिट्टी झाली नाही अजून."

आता त्या दिवसाकडे येतो.

आग डोंगराच्या खालच्या घळीत होती. दोन दिवस चालू होती. इथलं वाऱ्याचं गणित आपल्यापेक्षा उलटं आहे: उत्तरेचा वारा वाळवंटावरून येतो, तो गरम. दक्षिणेचा समुद्रावरून येतो, तो गार. गार म्हणून तो चांगला असं वाटतं, पण तो अचानक येतो आणि आगीचं तोंड फिरवतो. जी बाजू इतका वेळ शांत होती तीच पुढे धावते. इकडचे लोक त्याला सदर्ली म्हणतात. त्या दिवशी सदर्ली संध्याकाळी येणार असा अंदाज होता. आर्वोला, म्हणजे दुपारी उशिरा, वारा अजून उत्तरेचाच होता आणि आग आमच्यापासून लांब, दक्षिणेकडे सरकत होती.

रेडिओवर ऑर्डर आली. घळीच्या वर, डोंगराच्या धारेवर जोनचं घर आहे. आगीची मागची बाजू हळूहळू तिच्या कुंपणाकडे चढते आहे. जाऊन घर सांभाळा.

जोनला आम्ही सगळे ओळखत होतो. निवृत्त शिक्षिका, एकटी, दोन घोडे आणि एक म्हातारा कुत्रा. दर महिन्याला लिंबाचा केक घेऊन स्टेशनवर यायची. या देशात मला 'संतोष' असं पूर्ण नावाने हाक मारणारी ती पहिली. नाव नीट यावं म्हणून माझ्याकडून तीनदा म्हणून घेतलं होतं. घर सोडून जायला तिने सकाळीच नकार दिला होता. आता रस्ता भरवशाचा नव्हता आणि ती आत होती.

तिच्याकडे जायला दोन वाटा. एक रिज ट्रॅक, धारेवरून सरळ. दोन्ही बाजूंना दाट झाडी, रुंदी एका टँकरची, मध्ये कुठे वळायला जागा नाही. दुसरी उत्तरेकडून, खालच्या रस्त्याने वळसा घालून, घोड्यांच्या कुरणातून वर. ती दुप्पट लांब.

रिज ट्रॅकच्या तोंडाशी डेव्हने टँकर थांबवला. समोर धूर होता, पण पातळ. ट्रॅक मोकळा दिसत होता. आठ-दहा मिनिटांत आम्ही जोनच्या अंगणात असतो.

केरी वळली. "सॅन. गुड टू गो?"

यस जिभेवर आलं. मी ते गिळलं आणि बघितलं. सगळं ठीक होतं. मग ऐकलं.

रेडिओवर दुसऱ्या ब्रिगेडचा टँकर बोलत होता. तो आमच्या दक्षिणेला, नदीजवळ होता. त्याला पाणी हवं होतं, पाणी कुठे भरू विचारत होता. साधं बोलणं. पण त्याच्या आवाजामागे काहीतरी माइकवर आदळत होतं. फट्, फट्, मग लांब फरफर. त्याचा आवाज मध्येच खाल्ला जात होता. आमच्या खिडकीबाहेर पानसुद्धा दक्षिणेकडून हलत नव्हतं.

"नो," मी म्हणालो.

माझा स्वतःचाच आवाज मला परका वाटला. त्या टँकरवर आल्यापासून मी पहिल्यांदा हा शब्द उच्चारला होता, आणि तो जोनचं घर समोर असताना.

डेव्हने आरशातून माझ्याकडे बघितलं. गुरप्रीत हळूच म्हणाला, "पाजी, आंटी अंदर है."

"माहीत आहे," मी म्हणालो. मराठीतच म्हणालो. त्याला कळलं.

केरीने ट्रॅककडे एकदा बघितलं. मग, "डेव्ह, रिव्हर्स. खालच्या रस्त्याने. चल." पुढचा प्रश्न नाही, उसासा नाही. डेव्हने टँकर मागे घेतला आणि वळवला. रस्त्याला लागल्यावर, गाडीने वेग घेतल्यावर तिने विचारलं, "काय ऐकलंस?"

मी सांगितलं. नदीजवळच्या टँकरच्या माइकवर वारा आदळतोय. जोराचे झोत आहेत. सदर्ली तिथे पोचली असावी.

"असावी?"

"असावी, मॅम. नक्की नाही."

तिने रेडिओ उचलला. चॅनल भरलेला होता. एकावर एक कोणी ना कोणी बोलत होतं. तिने फोन काढून जोनला लावला. "जोन, आम्ही मागच्या बाजूने येतोय. वेळ लागेल. आत जा, दारं-खिडक्या बंद कर, टबमध्ये पाणी भर, उत्तरेकडच्या खोलीत थांब." पलीकडून जोन काय म्हणाली ते आम्हाला ऐकू आलं नाही. केरी म्हणाली, "हो, कुत्र्यालाही."

तो खालचा रस्ता मला अजून स्वप्नात लांबच लांब दिसतो. मनात एकच हिशोब चालू होता: मी चुकलो असेन तर किंमत मी मोजणार नव्हतो, ती जोन मोजणार होती. एका माइकच्या फरफरीवर मी एका बाईचं घर लांब ढकललं होतं. तो वारा नसून चालत्या ट्रकची उघडी खिडकी असू शकत होती. चौकीवर मी हे शंभरदा ऐकलं होतं, पण चौकी वेगळी आणि हे वेगळं. गुरप्रीतने पाण्याची बाटली माझ्या हातात दिली. त्याने झाकण आधीच उघडलं होतं.

चॅनल मोकळा झाला. केरीने नदीवरच्या टँकरला विचारलं, "तुमच्याकडे वारा कसा आहे?"

"आत्ताच फिरला," उत्तर आलं. "माझी हॅट नदीत गेली, मेट. नवी होती."

केरीने लगेच सगळ्यांना रेडिओवर कळवलं: सदर्ली नदीपाशी आली आहे, अंदाजाच्या आधी. मग दुसऱ्या क्रूंचे आवाज यायला लागले. समजलं. मागे येतोय. समजलं.

आम्ही कुरणाच्या फाटकातून आत शिरलो तेव्हा सदर्ली आमच्यापर्यंत पोचली. आधी एक गार झुळूक, छान वाटावी अशी. मग धारेच्या पलीकडून आवाज. तो आवाज मी सांगू शकणार नाही. धूर सरळ उभा झाला आणि आमच्याकडे वाकला. रिज ट्रॅक ज्या बाजूला होता तिकडची झाडी शेंड्यापासून पेटली.

केरी बोलत होती, बस चालवताना पोरांना सांगावं तशी. "डेव्ह, घराच्या या बाजूला लाव, तोंड उताराकडे. गुरप्रीत, छप्पर. सॅन, माझ्याबरोबर, पायऱ्या." घोड्यांनी कुरणातलं गवत जमिनीलगत खाल्लं होतं, त्यामुळे आमच्या पाठीमागे जळायला काही नव्हतं. पुढे घर. घराच्या पलीकडे जोनची मोठी शेड, ती आम्ही पोचलो तेव्हाच पेटली होती. केरीने शेडकडे एकदाच बघितलं आणि म्हणाली, "ती गेली. घर." त्यानंतर आम्ही तिकडे एक थेंबही टाकला नाही. ठिणग्या गारांसारख्या पडत होत्या. एक विझवली की दुसरी. व्हरांड्याचा एक खांब पेटला, तो मी विझवला. बाकीचं मला सलग आठवत नाही.

आग घराच्या दोन्ही बाजूंनी निघून गेली. घर राहिलं.

जोनने दार उघडलं तेव्हा तिच्या खांद्यावर ओला टॉवेल आणि काखेत कुत्रा होता. ती म्हणाली, "बराच वेळ लावलात."

"नजारे बघत आलो," डेव्ह म्हणाला.

मग तिने शेडकडे बघितलं. तिच्या नवऱ्याने बांधायला घेतलेली होडी त्या शेडमध्ये होती. तो गेल्यापासून ती तशीच अर्धी होती. ते आम्हाला माहीत होतं. मी पुढे झालो. म्हणालो, "जोन, लांबच्या वाटेने यायला मी सांगितलं. सॉरी."

"गेली वीस वर्षं ती होडी मला रोज विचारायची, पुढचं कधी," ती म्हणाली. "आता नाही विचारणार." मग कुत्र्याला खाली ठेवून म्हणाली, "संतोष, चहात साखर किती घेतोस?"

घोडे दुसऱ्या दिवशी खालच्या ओढ्याशी सापडले. दोघेही धडधाकट.

त्यानंतर आमच्या शेडमध्ये एक वाद कायमचा चालू झाला. डेव्हचं म्हणणं, रिज ट्रॅकने गेलो असतो तर सदर्लीच्या आधी पोचलो असतो आणि होडीसुद्धा वाचली असती. गुरप्रीतचं म्हणणं, ट्रॅकच्या मध्यावर सापडलो असतो आणि तू आज इथे बसून बिस्किटं खात नसतास. दोघं मिनिटांचा हिशोब करतात, दर वेळी वेगळा येतो. आम्ही नंतर तो ट्रॅक चालून पाहिला. दोन्हीकडे काळे बुंधे. त्यावरून काहीच ठरत नाही.

मी केरीला एकदा विचारलंच. "माझा नो बरोबर होता का?"

"ते आपल्याला कधीच कळणार नाही," ती म्हणाली. "मला चालतं."

त्याच दिवसांतली गोष्ट. आग संपली होती, मॉप-अप चालू होता. मॉप-अप म्हणजे राखेत फिरून उरलेले निखारे विझवायचे. कंटाळवाणं काम. होज गुंडाळायला घेतले आणि केरीने सुरू केलं, "सॅन, गुड टू गो?" गुरप्रीत पुटपुटला, "अब तो आग भी नहीं है." मी तिला विचारलं, आगीच्या वेळी ठीक आहे, पण आता कशाला?

तिने वर झाडांकडे बघितलं, मग सांगितलं. ही पद्धत तिची नाही, रॉसची. रॉस म्हणजे आमच्या स्टेशनचा जुना कॅप्टन. ती नवी होती तेव्हा तो तिला सगळ्यात आधी विचारायचा. मोठमोठ्या आगींत त्याने कोणालाही न विचारता नेलं नाही, आणि सगळ्यांना परत आणलं. "तो गेला तो अशाच एका सकाळी," ती म्हणाली. "आग विझली होती. होज गुंडाळत होतो, हसत होतो. आतून जळलेली फांदी वरून आली. त्या सकाळी कोणी कोणाला विचारलं नव्हतं. विचारायचं काय, काम तर झालं होतं."

मी वर बघितलं. फांद्या बघितल्या, एकेक. मग म्हणालो, "गुड."

स्टेशनच्या मागे रॉसच्या नावाने लावलेलं एक गम ट्री, म्हणजे निलगिरीचं झाड आहे. आगीचा मोसम सुरू व्हायच्या आधी एका सकाळी सगळे तिथे जमतात. भाषण नसतं. नाव घेतात, थोडा वेळ उभे राहतात, मग चहा. त्या वर्षी मीही होतो. जोन केक घेऊन आली होती. मंजुषा आणि आर्या आल्या होत्या.

नाव घेतलं. शांतता झाली. झाडाच्या सालीचे पट्टे वाऱ्याने हलत होते. मला जाधव उस्ताद आठवले. तेही वादळात गेले नाहीत. वादळ ते आधीच ऐकायचे. स्वच्छ ऊन होतं, बर्फ चमकत होता, शेजारच्या चौकीवरून रॉकेल आणायला निघाले होते. उतारावरचा बर्फ सुटला. जाताना मला म्हणाले होते, "सेट चालू ठेव, येतोच." मी "यस, उस्ताद" म्हणालो होतो. त्यांचं नाव मी इतक्या वर्षांत कुठेच मोठ्याने घेतलं नव्हतं. घ्यायला जागाच नव्हती.

केरी वळली. त्या वर्षीही सगळ्यात नवा मीच होतो.

"सॅन. गुड टू गो?"

"नो," मी म्हणालो.

किटलीकडे निघालेला डेव्ह थांबला आणि परत फिरला. गुरप्रीतने डोक्यावरची टोपी काढली होती, ती तशीच हातात राहू दिली. आर्याने तिच्या आईकडे बघितलं. मंजुषाने मान हलवली. जोनने केक खाली ठेवला. सगळे पुन्हा झाडाकडे तोंड करून उभे राहिले. कोणी कारण विचारलं नाही.

मी हळू आवाजात म्हणालो, "हवालदार जाधव."

माझ्या शेजारून केरीने ते नाव पुन्हा म्हटलं. 'ध' तिला नीट आला नाही. डेव्हने म्हटलं. गुरप्रीतने म्हटलं, त्याला आला. मग जोन म्हणाली, "पुन्हा एकदा सांग, संतोष. नीट यायला हवं."

मी पुन्हा सांगितलं.